लुगड्यावरचा पट्टा

नंदाखाल
२१ जानेवारी २००७

ब्रायन,

पट्टे पोचले. तारा शाबूत आहेत. पहिल्या शनिवारच्या तपासणीची सीडी या पत्रासोबत कुरियरने पाठवते आहे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि तुझ्या ऑफिसातली ई-मेल आणखी चौघं वाचतात, म्हणून पत्र. तू बंगलोरला गेलास त्याला चार वर्षं झाली. मी तिथे तीन महिने राहून परत आले, तेही माहेरी गिरीजला नाही, इथे आयकडे, तुझ्या आईच्या घरी. त्यानंतर आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. आता तू लिहिलंस ते कंपनीच्या कागदावर, 'आदरणीय मॅडम' अशी सुरुवात करून, कारण वसईत ओळखीची फिजिओथेरपिस्ट तुला मीच एकटी सापडले. मी ते पत्र आयला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आदरणीय म्हणतो तर कर त्याचं काम.

काम तू सांगितलंस तसंच चाललं आहे. माणसाने तुमच्या कंपनीच्या त्या वजनाच्या पाटीवर अनवाणी, पाय जुळवून उभं राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. पायांखालची पाटी वजन किती इकडेतिकडे सरकतं ते मोजते. कमरेमागे बांधलेला तुझा पट्टा, म्हणजे त्यातली ती काड्यापेटीएवढी डबी, अंग किती डोलतं ते मोजते. दोघांचं उत्तर जुळलं की तुझा पट्टा खरा. मग एवढ्या महागड्या पाटीची गरज नाही; म्हातारं माणूस कोसळायच्या आधीच कुणालाही घरच्या घरी कळेल. कल्पना चांगली आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच चांगली आहे.

फादरनी मिस्सानंतर जाहीर केलं की आपल्या गावच्या ब्रायनने मशीन बनवलंय, साठीच्या पुढच्यांनी शनिवारी हॉलमध्ये येऊन त्याला मदत करावी. 'मदत' हा शब्द लोकांनी फारच मनावर घेतला. कार्मिन मावशी आठवडाभर पडवीत पाय जुळवून उभं राहण्याचा सराव करत होती. ॲन्सेल्म मास्तर त्या सकाळी चहा न घेता आले, हात थरथरू नयेत म्हणून. मी सांगून थकले की इथे पास-नापास काही नाही, जसे आहात तसे उभे राहा. ते मान डोलावतात आणि श्वास रोखून उभे राहतात. आपल्या पोराचं मशीन नापास होता कामा नये, एवढंच त्यांना कळलंय.

आय सगळ्यांच्या आधी हजर होती. लाल चौकड्यांचं ठेवणीतलं लुगडं, काष्टा घट्ट खोचलेला. तुझा पट्टा मी लुगड्यावरून बांधला तर तो तसाच घालून ती हॉलभर फिरून आली, एकेकीला पाठ दाखवत. तिच्याकडून तो परत घेता घेता परेशच्या नाकी नऊ आले. परेश म्हणजे तुमच्या कंपनीचा माणूस, विरारला राहतो, शनिवारी लॅपटॉप घेऊन येतो. बरा आहे, पण सारखं घड्याळ बघतो.

आय बरी आहे. उजवं मनगट जरा सुजलंय, केळीचा घड उतरवताना लचकलं. काळजीचं काही नाही.

रोझलीन


नंदाखाल
१० फेब्रुवारी २००७

ब्रायन,

तुझं पत्र मिळालं. या वेळी 'मॅडम' नव्हतं, नुसतं रोझलीन होतं. म्हणजे प्रगती आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. डोळे मिटायला सांगितल्यावर लगेच प्रत्येकाच्या आलेखात एक मोठा धक्का दिसतो, तो कसला, असं तू विचारलंस. तुमच्या ऑफिसात त्यावर दोन दिवस चर्चा झाली, कुणी तारेला दोष दिला, कुणी बॅटरीला. अरे, तो क्रूसाची खूण करण्याचा धक्का आहे. या गावात म्हाताऱ्या माणसाला डोळे मिट म्हटलं की त्याचा हात आपोआप कपाळाला जातो. मग ओठ हलायला लागतात आणि 'नमो मरिया' संपेपर्यंत डोळे उघडत नाहीत, मी पुरे म्हटलं तरी. बंगलोरला जाऊन तू हेही विसरलास याचं मात्र मला नवल वाटलं. आता मी त्यांना आधी प्रार्थना उरकून घ्यायला सांगते, मग मोजते.

दुसरं. पुरुषांचं पट्ट्याचं आणि पाटीचं उत्तर जुळतं आणि बऱ्याचशा बायकांचं जुळत नाही, हे मलाही दिसलं होतं. पट्टा म्हणतो बाई स्थिर आहे, पाटी म्हणते बाई डोलते आहे. तुझं म्हणणं, हॉलची फरशी जुनी, खालीवर झालेली, म्हणून पाटी चुकते. असेल. पुढच्या शनिवारी पाटी दुसऱ्या जागी मांडून बघते. पण फरशी बायकांसाठी वेगळी आणि पुरुषांसाठी वेगळी वाकडी होते, हे मला पटत नाही.

आता तिसरं, जे तू प्रश्न म्हणून विचारलं नाहीस, पत्राच्या शेवटी हळूच सोडून दिलंस. 'पट्ट्याप्रमाणे आय सगळ्या गावात सर्वांत स्थिर आहे. तेव्हा तिच्यासाठी तू तिथे अडकून राहायची गरज नाही. तुझं तू बघायला मोकळी आहेस.'

हे वाक्य मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. ब्रायन, मी अडकलेली आहे असं तुला कुणी सांगितलं? मी सकाळी हॉस्पिटलला जाते, संध्याकाळी येते, आय माझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी करून ठेवते आणि आम्ही दोघी तुझ्यावर चिडतो. यात अडकण्यासारखं काय आहे? गिरीजला भावाकडे मला जागा आहे, पण ती पाहुणीची जागा आहे. हे घर सोड असं तुला म्हणायचं असेल तर तसं म्हण. आईच्या कमरेला पट्टा बांधून म्हणू नकोस.

सीडी सोबत आहे.

रोझलीन


नंदाखाल
२५ फेब्रुवारी २००७

ब्रायन,

फरशी निर्दोष आहे. पाटी हॉलमध्ये तीन जागी मांडली, मग फादरांच्या परवानगीने चर्चमागच्या सॅक्रिस्टीच्या खोलीतल्या नव्या लादीवर मांडली. सगळीकडे तेच. ॲन्सेल्म मास्तर पँट घालतात, त्यांचं जुळतं. गाऊन घालणाऱ्या बायकांचंही जुळतं. लुगडं नेसणाऱ्या एकीचंही जुळत नाही.

कारण साधं आहे आणि ते मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. तुझी डबी कमरेच्या मणक्यावर बसायला हवी. नेमकं तिथेच काष्टा खोचलेला असतो. जाड सुती कापडाची घडीवर घडी, वर तुझा पट्टा. अंग थरथरतं, पण ते बारीक हादरे कापडातच जिरतात आणि डबीपर्यंत पोचतच नाहीत. तुझा पट्टा त्या बायकांना मोजत नाहीये, त्यांच्या लुगड्याला मोजतोय. आणि लुगडं अगदी स्थिर आहे.

परेशने तुला हे फोनवर सांगितलं तर तू म्हणालास, मग त्यांना गाऊन घालायला सांग किंवा पट्टा आतून बांध. ऐकायला किती सोपं. कार्मिन मावशीला गाऊनचं विचारलं तर तिने माझ्या आईची चौकशी करायला सुरुवात केली, म्हणजे विषय संपला. आय म्हणाली, मेल्यावर तुम्ही नेसवाल ते नेसीन. आतून बांधायचा तर लुगडं सैल करावं लागतं, आणि समोर परेश बसलेला. मी पडदा लावते म्हटलं. पडद्यामागे काय करतात म्हणून उलट जास्त बभ्रा झाला. उपवासकाळ लागलाय, अशा दिवसांत तर नकोच म्हणाल्या.

आता एक गोष्ट सांगते. ती न सांगण्याची आयने मला शपथ घातली आहे, आणि ती मी मोडते आहे. मनगट केळीच्या घडाने लचकलं नव्हतं. आय पडली होती. विहिरीजवळच्या टाकीपाशी, कपडे पिळताना. ते नाताळच्या आधी. त्यानंतर एकदा पडवीच्या पायरीवर. मला कळलेलं एवढंच. न कळलेलं वेगळं. मी घरात असते तेव्हा ती भिंतीच्या कडेकडेने चालते आणि मी बघितलं की भिंतीवरची धूळ पुसत असल्यासारखं करते.

म्हणून सांगते, तुझ्या पट्ट्याने तिला गावात सर्वांत स्थिर ठरवलं त्यावर जाऊ नकोस. पाटी काय म्हणते ते बघ. सीडी पुन्हा लाव, तिचा नंबर शोध आणि शांतपणे बघ.

रोझलीन


नंदाखाल
१७ मार्च २००७

ब्रायन,

या वेळी सीडी नाही. गेल्या शनिवारी दुपारभर वीज नव्हती.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहितोस, लुगडं ही 'बाहेरची अडचण' आहे. त्या बायका अहवालातून वगळल्या की पट्टा आणि पाटी चांगली जुळतात आणि एप्रिलअखेर कंपनीला अहवाल देता येतो. वगळ. तुझा अहवाल आहे. फक्त एवढं ध्यानात घे की वसईत पडण्याच्या वयाच्या बायका शोधायला निघालास तर त्यातल्या निम्म्या तुला लुगड्यातच सापडतील. ज्यांच्यासाठी पट्टा केलास त्यांनाच वगळून तो खरा ठरवायचा, यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. आणि वगळलेल्यांत पहिलं नाव तुझ्या आईचं आहे.

आयबद्दल तू लिहिलंस ते असं. ती खरंच पडत असेल तर तू तिला बंगलोरला नेणार. तू दिवसभर कामावर, म्हणून तुझ्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये ठेवणार. तिथे चोवीस तास नर्स आहे, बागसुद्धा आहे. म्हणजे हिशेब असा झाला: आय स्थिर असेल तर मी इथे कशाला, आणि आय स्थिर नसेल तर आय इथे कशाला. दोन्हीकडून घर रिकामंच होतं. तू हे मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. तू कधीच मुद्दाम काही करत नाहीस. बंगलोरलाही तू मुद्दाम मला एकटी सोडत नव्हतास, फक्त घरी येत नव्हतास.

त्या होममध्ये तिच्याशी कोण बोलेल? तिला आपली बोली सोडून धड मराठीही बोलता येत नाही, कानडी तर दूरच.

मला जरा वेळ दे. एवढंच मागते.

रोझलीन


नंदाखाल
१ एप्रिल २००७, झावळ्यांचा रविवार

ब्रायन,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्या शनिवारी वीज होती. सीडीही होती, परेशला मी ती कुरियरने पाठवते म्हणून सांगितलं होतं. ती माझ्या कपड्यांच्या कपाटात होती आणि आज या पत्रासोबत येते आहे. तीतली शेवटची मोजणी तेवढी बघ.

झालं ते असं. परेश जेवायला गेला होता, बाकीचे घरी गेले होते, हॉलमध्ये मी आणि आयच. मी लॅपटॉप बंद करणार तेवढ्यात आय म्हणाली, दार लाव. मी लावलं. तिने स्वतःच काष्टा सोडला, लुगडं कमरेशी सैल केलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "आता बांध. तू बघ. त्याला नको दाखवू." मी डबी मणक्यावर, थेट कातडीवर बांधली. इतक्या वर्षांत मी तिची पाठ कधी पाहिली नव्हती. उजव्या बाजूला, फासळ्यांखाली, हिरवंपिवळं पडलेलं होतं, बऱ्याच दिवसांचं.

डोळे उघडे ठेवून ती कशीबशी उभी राहिली. डोळे मिटले तेव्हा मी दोन्ही हात तिच्या अंगाभोवती, न लावता, धरून ठेवले होते. या वेळी तिने क्रूसाची खूण केली नाही, श्वासही रोखला नाही. पहिल्यांदाच ती तुझ्या मशीनसाठी नाही, स्वतःसाठी उभी होती. थोड्याच वेळात ती डावीकडे गेली आणि मी तिला धरलं.

मग आम्ही दोघींनी लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं. पट्ट्याची रेघ आणि पाटीची रेघ, एकीवर दुसरी ठेवावी तशी जुळलेली. चढ तिथे चढ, उतार तिथे उतार. मी असं जुळलेलं एकाही पुरुषाचं पाहिलं नव्हतं. तुझं मशीन खरं आहे, ब्रायन. उत्तम आहे. मला तुझा इतका अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतका राग आला की मी लॅपटॉप मिटला. आयला रेघा वाचता येत नाहीत, पण तिला कळलं. तिने विचारलं, पोराचं मशीन बरोबर सांगतं ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग तर अजिबात नको धाडू."

मी ते पाळलं. तिच्यासाठी पाळलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ही सीडी तुझ्या हाती पडली की आय जाणार आणि आय गेली की मला या घरात राहायला काय तोंड, हेही माझ्या डोक्यात होतं. दोन्हीतलं जास्त कोणतं होतं ते मला सांगता येणार नाही.

परवा ती पुन्हा पडली. टाकीपाशीच. हाड मोडलं नाही, कोपराला टाके पडले. त्या रात्री मी तिला सांगितलं की मी आता सीडी पाठवणार. मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला हवं, कानाची तपासणी व्हायला हवी, तिच्या बीपीच्या गोळ्या कुणीतरी नीट बघायला हव्यात, आणि हे सगळं मी तुझ्यापासून लपवून एकटी करू शकत नाही. त्यावर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं तर जेवायची, पण माझ्याकडे बघायची नाही. काल हॉलमध्ये कार्मिन मावशीच्या शेजारी बसून आजच्या मिस्सासाठी झावळीचे क्रूस विणत होती आणि मी जवळ गेले तर तोंड फिरवलं. इतकं मला तू गेलास तेव्हाही लागलं नव्हतं. आता लिहितेच आहे तर हेही लिहून टाकते.

आज मिस्साहून आल्यावर ती पडवीत माझ्यासमोर येऊन बसली. विचारलं, धाडलंस? म्हटलं, नाही, लिहिते आहे. ती म्हणाली, धाड, पण माझा निरोपही लिही, मी सांगेन तसाच. तिने सांगितला तो हा:

"ब्रायन, तुझी आय पडते. तुझा पट्टा खरं सांगतो. मना डॉक्टरकडं न्यायचं तर ये आनि ने, दोन दिस काय चार दिस. पन ऱ्हायला मी तिकडं येनार नाय. तिकडं नर्स हाय म्हनतोस. इकडं रोझलीन हाय. मी पडले का ही मना उचलते. ही माझ्या घरात ऱ्हात नाय, मीच हिच्या घरात ऱ्हाते. हे फादरच्या म्होरं पन सांगीन आनि तुज्या म्होरं पन सांगीन."

मी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. 'हिच्या घरात' पाशी मी थांबले, तर ती म्हणाली, वाच नीट, मास्तरणीवानी. पुरं ऐकून तिने मान हलवली आणि आत जाऊन आडवी झाली.

इथपर्यंतचं तिने ऐकलेलं आहे. आता लिहिते ते तिने ऐकलेलं नाही, कारण हे लिहू नकोस असं तिने मला परवाच बजावलं होतं.

निरोपातली एक गोष्ट खरी नाही. पडले की ही उचलते, असं ती म्हणते. परवा ती दुपारचं जेवण झाल्यावर भांडी घासायला गेली तेव्हा पडली. मी हॉस्पिटलमध्ये होते, एका म्हाताऱ्या बाईला कठड्याला धरून चालायला शिकवत होते. शेजारचे सगळे वाडीत पाणी लावायला गेले होते. मी घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. ती टाकीच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली होती, लुगडं ओलं, कोपराचं रक्त सुकलेलं, आणि मला बघून म्हणाली की ती नुकतीच पडली.

रोझलीन